उन्हाळ्यातला भाजीचा मळा: तोडे, विहीर आणि सोमवारचा बाजार

मळेवाली:

पुरंदर तालुक्यात, कऱ्हा नदीपासून थोडं आत आमचं रान आहे. जमीन तीन एकर, पण होळी झाली की त्यातलं भाजीखाली राहतं ते फक्त वीस गुंठे. बाकीचं नांगरून तापत ठेवतो. शहरातले नातेवाईक विचारतात की एवढं रान मोकळं का ठेवता. त्याचं उत्तर विहिरीत आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. त्यावर एक मिलिमीटर पाणी पसरायचं तर साधारण १०१ लिटर लागतं. एप्रिल-मे महिन्यात ठिबकवर, आच्छादन घालूनसुद्धा, भाजीला रोजचं चार-पाच मिलिमीटर धरावंच लागतं. म्हणजे गुंठ्याला चारशे-पाचशे लिटर आणि वीस गुंठ्यांना आठ ते दहा हजार. आमची पाच अश्वशक्तीची मोटर मे महिन्यात अर्धा तास चालली की विहीर उपसते, मग पाझर भरायला दुसऱ्या दिवसाची वाट बघायची. अर्ध्या तासात निघणाऱ्या पाण्यातून वीस गुंठे भिजतात आणि गोठ्याला, घराला उरतं. पंचवीस गुंठे केले तर सगळंच अर्धवट भिजतं आणि अर्धवट भिजलेल्या काकडीला कडवटपणा येतो. म्हणून वीस.

या वीस गुंठ्यांत भेंडी पाच, गवार चार, मांडवावर दोडका आणि कारली मिळून चार, काकडी तीन, वांगी-मिरची दोन आणि उरलेल्या दोनांत पालेभाज्या असतात. भेंडी, गवार आणि काकडी जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीभर थोडी थोडी टोकतो, म्हणजे सगळं एकदम सुरू होऊन एकदम संपत नाही. भेंडी आणि गवार साधारण पंचेचाळीस-पन्नास दिवसांत तोड्याला येतात, काकडी त्याच्या थोडी आधी.

तोडा सुरू झाला की घराचं वेळापत्रक त्याच्या हातात जातं. भेंडी दिवसाआड काढावीच लागते. एक दिवस चुकला की शेंग निबर होते, आणि नुसतं तेवढंच नाही: झाडावर बी धरू लागलं की ते नवीन फुलं कमी काढतं. म्हणून निबर शेंग विकायची नसली तरी काढून टाकायची, ती गुरांना जाते. रविवार, मंगळवार, गुरुवार हे मोठे तोडे. शनिवारी फक्त पुढं गेलेल्या शेंगा काढतो, म्हणजे रविवारी एकसारखा माल निघतो. पाच गुंठ्यांतून भर हंगामात एका तोड्याला वीस किलोच्या आसपास भेंडी येते. गवार चार दिवसांनी काढली तरी चालते, पण तिला हात फार लागतात. सराईत बाई सकाळभरात आठ-दहा किलो काढते, त्याहून जास्त नाही. गवार बाजारात महाग वाटते तेव्हा ही सकाळ डोळ्यासमोर आणा.

सगळे तोडे उजाडता उजाडता. रात्रभरात झाडानं पाणी भरून घेतलेलं असतं, शेंग ताठ असते. नऊच्या पुढं तीच शेंग हातात मऊ लागते आणि दुपारपर्यंत माना टाकते. सासूबाई, जाऊबाई आणि मी ओळी वाटून घेतो. दीर आणि नवरा काकडी, दोडके काढतात कारण ती पोती उचलायची असतात. मुलांना सुट्टी असते, त्यांचं काम निवडायचं: एकसारखी भेंडी एका कॅरेटमध्ये, वाकडी घरच्यासाठी. आठ वाजता गोठ्याच्या सावलीत भाकरी, मिरचीचा ठेचा, ताक. मग पाणी, खुरपणी, आणि अकराच्या पुढं रानात कोणी थांबत नाही.

रविवारचा सगळा माल सोमवारच्या आठवडे बाजाराला जातो. मंगळवार-गुरुवारचा माल गावातल्या गाडीवर पुण्याच्या मार्केट यार्डात. हातविक्रीला आम्हाला यार्डात मिळणाऱ्या पैशांपेक्षा जवळजवळ दुप्पट पैसे मिळतात, पण बाजारात माणूस दिवसभर बसावा लागतो. माझं म्हणणं असं आहे, आणि ते मी अगदी ठामपणे मांडते: कमी पाण्याच्या लहान कुटुंबानं उन्हाळ्यात एकच भाजी लावू नये. आठ-दहा भाज्या लावाव्यात, थोड्या थोड्या, आणि आठवड्याचा एक बाजार हातचा ठेवावा. गिऱ्हाईक एका जागी भेंडी, काकडी, मिरची, कोथिंबीर घेतं आणि पुढच्या सोमवारी परत तिथंच येतं.

तुमच्याकडे कसं करतात ते लिहा.


कुकडीकाठ:

ताई, लेख आवडला, पण शेवटच्या मुद्द्याला माझा विरोध आहे. मी नारायणगाव भागातला. आमच्याकडे कुकडी प्रकल्पाचा कालवा आहे, आणि उन्हाळी टोमॅटो हेच आमचं पीक. फेब्रुवारी-मार्चमध्ये मल्चिंग पेपरवर लागण, तारकाठी, ठिबक, आणि मेच्या मध्यापासून तोडे. जिथं हजारो कॅरेट एका ठिकाणी येतात तिथं व्यापारी दिल्ली-गुजरातहून येतात. वीस किलोच्या कॅरेटला भाव ठरतो आणि माल तासाभरात हलतो. मी आठ भाज्या लावल्या तर मला आठ प्रकारच्या किडी सांभाळायच्या, आठ फवारण्यांचं वेळापत्रक, आणि एकाही मालाची गाडी भरणार नाही. एका पिकात माणूस हुशार होतो. मला टोमॅटोचं पान लांबून बघितलं तरी करपा आलाय की नागअळी ते कळतं.

जुलै २०२३ आठवा. किरकोळीत किलोला शंभराच्या वर गेला होता टोमॅटो. ज्याच्या रानात तेव्हा प्लॉट उभा होता त्याची कर्जं फिटली. ती संधी दोन गुंठ्यांत येत नाही.


मळेवाली:

कुकडीकाठ दादा, कालवा असता तर मीही कदाचित तेच केलं असतं. २०२३ मध्ये ज्यांचे पैसे झाले त्यांचं मनापासून कौतुक. पण त्याच टोमॅटोचं नंतर काय झालं, काही आठवड्यांत भाव कुठं आला, हेही तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं आहे. ज्याच्याकडे तीन-चार हंगाम तोटा सोसायची ताकद आहे त्यानं एका पिकावर खेळावं. आमच्या घरात दर सोमवारी रोख पैसे लागतात: दूध डेअरीचा पगार दहा दिवसांनी येतो, मजुरी मात्र आठवड्याला द्यायची असते.

किडींचं म्हणाल तर मिसळीच्या रानात एकाच किडीला सगळं रान मोकळं सापडत नाही. भेंडीच्या कडेनं मक्याची ओळ लावली की पांढरी माशी थोडी अडते. मांडवाखाली सावलीत कोथिंबीर तग धरते. हे सगळं एका पिकात जमत नाही.


अबोली:

मी ठाण्यात राहते, शेतीतलं काही कळत नाही, पण रोज भाजी घेते. दोन प्रश्न आहेत. भेंडी निबर आहे हे न मोडता कसं ओळखायचं? आमचा भाजीवाला शेंडा मोडू देत नाही. आणि मे महिन्यातले टोमॅटो बाहेरून तांबडे, देठाकडे पिवळे का असतात? मला वाटायचं कच्चे काढून पिकवतात म्हणून.

गवारीचं वाचून वाईट वाटलं. मी घासाघीस करते दर वेळी. आता नाही करणार.


मळेवाली:

अबोलीताई, भेंडी बोटभर लांबीची, शिरा दबलेल्या आणि लव अंगावर असलेली घ्या. शिरा धारदार उठून दिसल्या, रंग फिका पडला किंवा शेंग हलकी लागली की आत बी धरलंय समजा. आणि ओली भेंडी घेऊ नका. पाणी मारलेली भेंडी ताजी दिसते, पण दुसऱ्या दिवशी काळी पडते. आम्ही पालेभाज्यांवर पाणी शिंपडतो, भेंडी आणि गवारीवर कधीच नाही.

टोमॅटोचं कुकडीकाठ दादा जास्त सांगतील.


कुकडीकाठ:

कच्चा काढतात हे थोडंफार खरं आहे, लांबच्या बाजाराला अर्धा रंग आलेलाच माल लागतो. पण उन्हाळ्यातलं मुख्य कारण ऊन. टोमॅटोला लाल रंग लायकोपीनमुळे येतो आणि तापमान तीस अंशांच्या बरंच वर राहिलं की ते नीट तयार होत नाही. पिवळं द्रव्य मात्र होत राहतं. म्हणून फळ नारिंगी-पिवळट राहतं, खांद्याकडे जास्त, कारण तिथं ऊन थेट पडतं. पानं दाट असलेल्या प्लॉटमध्ये रंग चांगला येतो. दुसरं, दिवसा सतत पस्तीसच्या पुढं गेलं आणि रात्रीही गारवा नसला की फूल गळतं. जूनमध्ये भाव वाढतात त्याचं मूळ एप्रिल-मेच्या या फूलगळीत आहे. गिऱ्हाईकाला वाटतं व्यापाऱ्यानं माल दाबला. दर वेळी तसं नसतं.


माळरान:

मी बीड जिल्ह्यातला. धागा वाचतोय आणि थोडं अस्वस्थ वाटतंय म्हणून लिहितो. मे महिन्यात आमच्या अर्ध्या गावाचं पाणी टँकरवर असतं. विहिरीला पाणी असलेला एखादाच शेतकरी, आणि तो काकडी करतो. काकडी म्हणजे बहुतेक पाणीच. ती शहरात जाते. माझा आक्षेप तुमच्यावर नाही, ताई. पण कमी पाण्याच्या भागात उन्हाळी भाजी हा सल्ला सरसकट देऊ नका. आमच्याकडे जुनी माणसं उन्हाळ्यात पाण्याची भाजी करतच नसत. वाळवलेली गवार, सांडगे, डाळी, हुलगे, आणि परसात सांडपाण्यावर अळू, घोळ, एखादा दोडक्याचा वेल. रान तापायला मोकळं.


मळेवाली:

माळरान दादा, तुमचा आक्षेप रास्त आहे आणि मी सल्ला दुरुस्त करून घेते: विहिरीच्या पाण्यावर पहिला हक्क पिण्याचा. आमच्या वस्तीवर सात घरं आमच्याच विहिरीतून पाणी नेतात. विहिरीच्या आत एक दगडी टप्पा आहे. पाणी त्याच्या खाली गेलं की भाजीचं पाणी तोडायचं हे सासऱ्यांच्या काळापासून ठरलेलं आहे आणि त्यावर घरात चर्चा होत नाही.

पाणी तोडायचं तेही एका क्रमानं. आधी काकडी, कारण ती सगळ्यात जास्त पिते आणि ताण पडला की फळ कडू होतं. मग पालेभाज्या, त्यांचं दीड महिन्याचंच आयुष्य असतं, पुन्हा करता येतात. मग दोडका-कारली. तसंही उन्हाळा चढला की वेलांवर नर फुलं वाढतात आणि मादी फुलं कमी होतात, म्हणजे पाणी द्यायचं आणि फळ मिळायचं नाही. भेंडी त्यानंतर. शेवटपर्यंत ठेवायची ती गवार आणि वांगी. गवारीचं मूळ खोल जातं, आठवड्यातून एकदा पाणी मिळालं तरी ती उभी राहते. वांग्याचं झाड ताणात फळ देत नाही पण मरतही नाही. पावसाळ्यात छाटून दिलं की पुन्हा फुटतं.

काही वर्षी एप्रिलच्या शेवटीच फक्त गवार उरली आहे. त्या वर्षी सोमवारी बाजारात आमच्या पाटीत गवार, चिंच आणि घरचे सांडगे एवढंच होतं.


मांडवी:

गोव्यातून नमस्कार. आमच्याकडे पाण्याची गोष्ट वेगळी, कारण भात कापल्यावर खाजणांत (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांत) आणि मळ्यांत ओल असते. त्या ओलीवर वांगी, मिरची, तांबडी भाजी, मुळा, वाल. तिसवाडीतलं सांत इस्तेव बेट तर भेंडीसाठीच ओळखलं जातं: लांब, फिक्या हिरव्या, सात शिरांची भेंडी. बाजारातल्या पाच शिरांच्या गडद भेंडीपेक्षा ती लांब वाढली तरी कोवळी राहते, म्हणून तिचा तोडा एखादा दिवस लांबला तरी चालतं. सुंगटं (कोळंबी) घालून केलेल्या भेंडीच्या कढीत दुसरी भेंडी माझी आई घालूच देत नाही.

मे महिन्यात आमच्याकडे पुरुमेंताची लगबग. पावसाळ्याचे चार महिने पुरेल असा साठा म्हणजे पुरुमेंत. मडगाव, म्हापशाला त्याची फेस्तं भरतात: सुक्या मिरच्या, वेणीत गुंफलेले कांदे, सोलं (आमसुलं), सुकी मासळी. शेतातली बाई आपल्या मिरच्या एप्रिलमध्ये हिरव्या विकत नाही, झाडावरच लाल होऊ देते आणि वाळवून पुरुमेंताला आणते. वजन कमी होतं पण पैसा जास्त सुटतो.

ताई, रविवारी पहाटे काढलेला माल सोमवारपर्यंत कसा टिकवता? आमच्या दमट हवेत एका रात्रीत बुरशी धरते.


मळेवाली:

मांडवीताई, आमची हवा कोरडी, म्हणून आम्हाला एक सोपा मार्ग आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं शून्य ऊर्जा शीतकक्ष म्हणून जी रचना सुचवली आहे तीच आम्ही कडुलिंबाखाली बांधली आहे. विटांच्या दोन भिंती, मधे तीन इंचाची फट, त्यात नदीची वाळू. खाली विटांचाच थर. वरून वाळ्याचं किंवा गवताचं झाकण. सकाळ-संध्याकाळ वाळू ओली करायची. बाहेर चाळीस अंश असतात तेव्हा आतलं तापमान दहा अंशांपेक्षाही जास्त खाली येतं आणि आतली हवा ओलसर राहते. काकडी, वांगी, पालेभाज्यांच्या जुड्या आत. भेंडी कॅरेटमध्ये कोरड्या गोणपाटाखाली. कोकण-गोव्यातल्या हवेत पाणी तेवढं उडत नाही, त्यामुळे हा कक्ष तिथं एवढा गार होणार नाही.

मिरचीचं तुमचं सांगणं मी यंदाच करून बघणार आहे.


शेतीशाळा:

काकू, नमस्कार. मी राहुरीला कृषीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तुमचं पाण्याचं गणित वर्गात दाखवलं. दोन गोष्टी भर म्हणून.

भेंडीवर केवडा दिसतो का? पानांच्या शिरा पिवळ्या, मग सगळं पान आणि शेंगही पिवळी. हा विषाणू पांढरी माशी पसरवते आणि कोरड्या उन्हाळ्यात माशी वाढते. दिसलं की पहिली दोन-चार झाडं उपटून जाळावीत, फवारणीनं आजारी झाड बरं होत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी क्रांती ही जात केवड्याला बऱ्यापैकी तोंड देते, आणि सरळ (संकरित नसलेला) वाण असल्यानं बी घरचं धरता येतं.

दुसरं म्हणजे मोटर. तुमच्याकडे शेतीला रात्रीच लाइट मिळते तो आठवडा असतो तेव्हा पाणी कोण देतं? मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्यानं किमतीच्या दहा टक्के भरायचे असतात, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच. तुमच्यासारख्या अर्धा तास उपसणाऱ्या विहिरीला सौरपंप उत्तम, कारण दिवसभर हळूहळू पाणी ओढतो आणि पाझराला वेळ मिळतो.


कुकडीकाठ:

शेतीशाळाच्या दुसऱ्या मुद्द्याला माझा दुजोरा. जुन्नर तालुक्यात रात्री पाणी द्यायला जाणं म्हणजे बिबट्याच्या वाटेवर जाणं. आमच्याकडे उसातच त्यांची पिल्लं वाढतात. एकट्यानं कोणी जात नाही, दोघं-तिघं हातात बॅटऱ्या घेऊन, मोठ्यानं बोलत जातात. दिवसाची लाइट ही आमच्याकडे पहिल्या नंबरची मागणी आहे. मी यंदा सौरला अर्ज केला आहे.


मळेवाली:

परभणी क्रांतीच लावतो आम्ही, आणि अर्का अनामिका. केवडा दर वर्षी थोडा येतोच. पाणी रात्रीचं असलं की दीर देतात. सौरपंपाचा विचार घरात चालू आहे. हळूहळू पाणी ओढण्याचा तुझा मुद्दा मात्र माझ्या डोक्यात आला नव्हता बाळा, तो घरात वाचून दाखवला.


हिमवाट:

मी कॅनडात, टोरांटोजवळ. इथं उलटं आहे. व्हिक्टोरिया डे म्हणजे मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातली सुट्टी झाल्याशिवाय कोणी कोवळी रोपं बाहेर लावत नाही, कारण हिमाची भीती असते. तुमचा मळा ज्या आठवड्यात संपतो त्या आठवड्यात आमचा सुरू होतो. जूनमध्ये उजेड पंधरा तासांहून जास्त, त्यामुळे दोडक्याचा वेल सुसाट वाढतो पण फुलं यायला ऑगस्ट उजाडतो. गवार मात्र मला अजून साधलेली नाही, माती गारच असते. इथल्या शेतकरी बाजारात दर शनिवारी एक पंजाबी कुटुंब भेंडी आणि कारली आणतं, आणि सगळे देशी लोक आधी तिथं रांग लावतात. कारली संपली की आमचा बाजार संपला.

ताई, बाजाराच्या दिवसाबद्दल आणखी लिहा ना. आईबरोबर आठवडे बाजारात जाणं फार आठवतं.


मळेवाली:

हिमवाट, लिहिते.

सोमवारी चारला उठून टेम्पोत माल भरतो. जागा ठरलेली नाही, पण वर्षानुवर्षं जिथं बसतो तिथं दुसरं कोणी बसत नाही. ताडपत्री अंथरायची, वर एक कापड बांधायचं, तराजू, वजनं, सुटे पैसे. हल्ली पैसे फोनवर येतात, तरी म्हाताऱ्या माणसांसाठी चिल्लर लागतेच. मांडणी सासूबाईच करतात: मधे काकडी, कारण उन्हाळ्यात गिऱ्हाईकाचा हात आधी तिकडे जातो. पुढं कोथिंबीर आणि मिरची. भेंडी-गवार आपल्या हाताशी, लोकांनी उलथापालथ करू नये म्हणून.

सकाळी आठ ते अकरा खरा बाजार. नोकरदार, हॉटेलवाले, लग्नघरचे लोक. वैशाखातल्या लग्नतिथींचा परिणाम तर लगेच कळतो: तिथी दाट असली की कोथिंबीर, मिरची आणि काकडी दुपारच्या आत संपते. अकरा ते चार ऊन, फार कोणी येत नाही, आम्ही गोणपाट ओलं करून भेंडी-गवार सोडून बाकीचा माल झाकतो. चारनंतर आसपासच्या वाड्यांवरची माणसं येतात. त्यांच्यासाठी तराजू नाही, वाटे. वांग्याचा वाटा, दोडक्याचा वाटा, मिरच्यांची ओंजळ. भाव उतरलेला असतो आणि तो उतरवायचाच असतो. मजुरीवरून येणारी बाई सकाळी येऊ शकत नाही, तिला संध्याकाळची भाजी परवडलीच पाहिजे असं सासूबाईंचं म्हणणं आणि मला ते पटतं. बाजार मोडताना जे उरतं ते शेजारच्या पाट्यांशी अदलाबदल: आमची गवार, त्यांचे बटाटे, अंडी, बोंबील. रात्री घरी येताना टेम्पोत जवळजवळ आठवड्याचं सामान असतं.

फळं-भाजीपाला राज्य सरकारनं २०१६ मध्ये बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला. त्यानंतर पुण्यात ठिकठिकाणी शेतकरी आठवडे बाजारही सुरू झाले. आमच्या गावातली काही मुलं गट करून तिथं जातात. भाव आणखी चांगला, पण गाडीचं भाडं आणि पूर्ण दिवस जातो. आम्हाला सोमवारच पुरतो.


अबोली:

संध्याकाळच्या वाट्यांचं वाचून छान वाटलं. माळरान दादांनी वाळवलेल्या गवारीचं लिहिलं, तशी भाजी वाळवायची कशी? आई करायची, मला येत नाही.


मळेवाली:

कोवळी गवार धुऊन, कोरडी करून, मीठ आणि जिरं घातलेल्या आंबट ताकात रात्रभर ठेवायची. सकाळी निथळून उन्हात. संध्याकाळी उरलेल्या ताकात परत, दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात. ताक संपेपर्यंत. मग कडकडीत वाळवून बरणीत. तळून खिचडीबरोबर. कारल्याच्या चकत्या आणि भेंडीचे तुकडे असेच होतात, फक्त भेंडीला एकच रात्र, नाहीतर तार सुटते. वाळवण सकाळी दहापर्यंत पसरलंच पाहिजे आणि वळवाचे ढग दिसले की मुलं गच्चीवर धावतात. ठाण्यात दमट हवा असेल तर एप्रिलमध्येच करून टाका.


माळरान:

ताई, पावसाचा विषय निघालाच आहे तर विचारतो. गेल्या वेळी, २०२५ मध्ये, मेमध्येच धो धो पाऊस झाला. आमच्याकडे काढून ठेवलेला कांदा भिजला. तुमच्या भाजीचं काय झालं?


मळेवाली:

त्या वर्षी मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आला आणि लगेच दोन दिवसांत मुंबईत. पण आमच्याकडे त्याआधीच वळीव आठवडाभर कोसळत होता. एरवी एखादा वळीव आम्हाला हवा असतो, धूळ बसते, पांढरी माशी आणि फुलकिडे धुऊन जातात, विहिरीवरचा ताण दोन दिवस कमी होतो. पण लागोपाठ पावसानं काकडीवर केवडा (हा बुरशीचा, भेंडीवरचा विषाणू नव्हे) आणि भुरी दोन्ही आले आणि मांडव एका बाजूनं बसला. कोथिंबीर पिवळी पडून गेली. पालेभाज्यांचे भाव कडाडले आणि आमच्याकडे विकायला जुडी नव्हती. तेव्हा तारलं ते भेंडी आणि वांग्यांनी. गवारीची फुलं गळली, पण पंधरा दिवसांत ती परत लागली. कुकडीकाठ दादा, माझ्या मिसळीच्या शेतीचं समर्थन मी यावरच करते. सगळं गेलं नाही.

बांधावरचा चर मात्र त्यानंतर खोल केला, आणि मांडवाला लाकडाऐवजी लोखंडी अँगल टाकले.


कुकडीकाठ:

ते मान्य, ताई. त्या मेमध्ये माझा अर्धा प्लॉट करप्यानं गेला. तरी मी टोमॅटो सोडणार नाही. पण बांधाला दोन ओळी गवार आणि भेंडी टाकायला काय हरकत आहे, असं घरच्या मंडळींचं म्हणणं आहे. घरचं बी असेल तर सांगा. परभणी क्रांतीचं बी तुम्ही कसं धरता?


मळेवाली:

जरूर देते. पहिल्या तोड्यांच्या वेळीच चार-पाच निरोगी, केवडा नसलेली, पेर जवळ असलेली झाडं हेरून लाल दोरा बांधायचा. त्यांच्या मधल्या भागातल्या शेंगा ठेवायच्या, बाकीच्या काढत राहायच्या. शेंग झाडावरच वाळून उकलायला लागली की सकाळी काढायची, दुपारी बी तडतडून सांडतं. सावलीत वाळवून राखेत मिसळून मडक्यात ठेवायचं. देशी बियाणं जपणाऱ्या अकोले तालुक्यातल्या (अहिल्यानगर जिल्हा) राहीबाई पोपेरे यांच्या बियाणे कोठीतही राख आणि मातीची मडकी हीच जुनी रीत आहे, आणि आमच्या घरी सासूबाईंची आईही तसंच करायची. शेजारी दुसरी भेंडी असेल तर मधमाश्यांमुळे थोडी सरमिसळ होते, म्हणून बियाची झाडं प्लॉटच्या मधोमध निवडा. टोकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा, तरंगलेलं बी टाकून द्या.

तुमचा पत्ता निरोपात कळवा, या सोमवारच्या बाजारातून नारायणगावच्या गाडीवर पुडी पाठवते. गवारीचं बी मात्र यंदा कमी आहे, ते माळरान दादांना आधी कबूल केलं आहे.